सरफोजीराजे : पाषाणावर कोरलेला कुलवृत्तान्त

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर येथे गादी स्थापिली, आणि तमिळ मुलखाच्या मध्यभागी मराठी घराणी नांदू लागली. समर्थ संप्रदायाचे मठही तेथे उभे राहिले. जन्मभूमी शेकडो कोस दूर राहिली तरी दरबारचे दप्तर मोडीतच लिहिले जाई.

याच वंशाच्या एका शाखेत १७७७ साली सरफोजींचा जन्म झाला. तुळजाराजांनी त्यांस १७८७ साली दत्तक घेतले आणि लवकरच ते निवर्तले. तुळजाराजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तविधान नाकारले. कंपनी सरकारनेही प्रथम तोच पक्ष उचलून धरला. अशा संकटात या मुलाचा सांभाळ श्वार्ट्झ नामक जर्मन पाद्र्याने केला. पुढे दत्तविधान वैध ठरून १७९८ साली सरफोजी गादीवर आले. परंतु दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला व नेमणूक एवढेच उरले.

ज्याचे कूळच एके काळी वादात सापडले होते, त्या राजाने १८०३ साली भोसले घराण्याचा वृत्तान्त लिहवून बृहदीश्वराच्या मंदिरात शिळांवर कोरविला, यात नवल नाही. राजराज चोळाच्या तमिळ लेखांनी भरलेल्या त्या देवालयात देवनागरीतील हा विस्तीर्ण मराठी लेख आजही उभा आहे. त्यातील प्राचीन भाग पुराणकथेच्या वळणाचा असून सारेच इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही. मात्र परमुलखी गेलेल्या घराण्याला आपली कुळकथा कशी आठवत होती, हे त्याइतके स्पष्ट सांगणारे साधन विरळा.

राज्य गेलेल्या या राजाने उरलेले आयुष्य ग्रंथांस वाहिले. काशीयात्रेतही त्यांनी पोथ्यांचा संग्रह केला. सरस्वती महालात संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांशेजारी मराठी बाडे ठेविली गेली. त्यांत समर्थ संप्रदायाचे वाङ्मयही आहे. मोडी कागदांचे रुमाल तर इतके की त्यांचे वाचन पिढ्यान्‌पिढ्या पुरावे.

१८३२ साली राजे निवर्तले. पुत्र शिवाजीराजे १८५५ साली निपुत्रिक वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. ग्रंथालय मात्र टिकले. १९१८ साली ते सर्वांस खुले झाले.