रामानुजन आणि यादीतून निसटलेली संख्या

इरोड येथे २२ डिसेंबर १८८७ रोजी जन्मलेले आणि कुंभकोणम येथे वाढलेले श्रीनिवास रामानुजन १ मार्च १९१२ रोजी मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, बंदर कचेरीत दरमहा ३० रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले. तोवर त्यांच्यापाशी एकही पदवी नव्हती. गणितावाचून अन्य विषयांत मन न रमल्याने कुंभकोणमच्या व पुढे मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयात त्यांना अपयश आले होते. कागद महाग, म्हणून आकडेमोड पाटीवर होई आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरे. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र धाडले आणि मार्च १९१४ मध्ये ते इंग्लंडला निघाले.

तेथे १९१५ मध्ये त्यांचा एक दीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. ज्या संख्येला तिच्याहून लहान अशा प्रत्येक संख्येपेक्षा अधिक विभाजक असतात, तिला त्यांनी अतिसंयुक्त मानले. १२ ला सहा विभाजक आहेत. त्याखालच्या कोणत्याही संख्येला इतके नाहीत. अशी संख्या २, ३, ५ या क्रमाने सलग मूळ संख्यांच्या गुणाकारातून घडते, त्यांचे घातांक पुढे कधी वाढत नाहीत आणि ४ व ३६ हे अपवाद वगळता शेवटचा घातांक १ असतो, हे त्यांनी सिद्ध केले. सोबत शंभराहून अधिक संख्यांची यादी दिली. तिच्या अखेरीस ६७,४६,३२,८३,८८,८०० ही संख्या आहे. तिचे विभाजक १०,०८०.

यंत्राच्या साहाय्यावाचून सिद्ध झालेल्या या यादीतून एक संख्या मात्र निसटली : २,९३,३१,८६,२५,६००. तिच्यात २ चा घातांक ६, ३ चा ४, ५ व ७ यांचा प्रत्येकी २ आणि ११, १३, १७, १९ यांचा प्रत्येकी १ आहे. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला की ५,०४० विभाजक मिळतात. नवल असे की, या निसटलेल्या संख्येला पुढच्या मूळ संख्येने, २३ ने, गुणले असता यादीतील तीच अखेरची संख्या येते. उणीव गणनेतली होती, सिद्धांतातली नव्हे. निसटलेली संख्याही त्यांचेच नियम तंतोतंत पाळते.

याच कार्यासाठी केंब्रिजने १९१६ मध्ये परीक्षेत नापास झालेल्या या विद्यार्थ्याला संशोधनाधारे पदवी दिली. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या आर्थिक अडचणीमुळे निबंधाचा काही भाग मात्र तेव्हा छापलाच गेला नाही. निकोलस आणि रॉबिन यांनी तो १९९७ मध्ये टिपांसह प्रकाशात आणला. १९१८ मध्ये रामानुजन रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत १९१९ च्या मार्चमध्ये ते मुंबई बंदरात उतरले व मद्रासला परतले. तेथेच चेटपट भागात २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. अखेरच्या आजारातही त्यांचे गणित थांबले नव्हते.