जोसेफिनबाईंच्या कपबशा

यंदा नाताळच्या आधी आमच्या पांढुर्ण्याच्या घरी डिशवॉशर आला. दादा नागपूरला नोकरी करतो, त्यानं तिथूनच घेतला आणि टेम्पोत घालून पाठवला. गल्लीतल्या निम्म्या बायका बघायला आल्या. कुणाला ती कपडे धुवायची मशीन वाटली, कुणाला फ्रीज. भांडी धुवायची मशीन आहे म्हटल्यावर सगळ्यांनी आधी आईकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. घरात धडधाकट पोरगी असताना भांड्यांसाठी मशीन, हे कुणी तोंडानं बोललं नाही, पण ऐकू आलं.

कारण साधं होतं. आईचं उजवं मनगट दोन वर्षांपासून दुखतं. डॉक्टरांनी घासणं, पिळणं बंद करा असं सांगितलं होतं. आमच्याकडे नाताळला पंचवीस-तीस माणसं जेवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते, तेव्हाही सावरगावकडचे ओळखीचे, सौंसरचे पाहुणे असा सगळा गोतावळा घरी असतो. मग गंज, कोपर, कढया, सराटे यांचा ढीग न्हाणीत पडतो. दहा वर्षांची असल्यापासून त्या ढिगापुढे आईच्या शेजारी मी बसत आले. दादाला अभ्यास असायचा. अभ्यास मलाही असायचा, पण तो भांडी झाल्यावर. आता मला एम.ए.ला बाहेर जायचं आहे. मी गेल्यावर त्या ढिगापुढे कोण बसणार, हा प्रश्न घरात सगळ्यांना माहीत होता आणि कुणीच काढत नव्हतं. शेवटी तो दादानं काढला आणि स्वतःच्या पगारातून उत्तरही दिलं.

विरोध होता फक्त आजीचा. आजी तरुणपणी नागपुरात एका बंगल्यावर भांडी घासायची. एकदा तिच्या हातून एका कपाचा कान तुटला. चांगल्या सेटातला कप होता. बाईसाहेबांनी अर्ध्या महिन्याचा पगार कापला. तेव्हापासून आजी चहा स्टीलच्या पेल्यातच पिते. तिचं म्हणणं असं, की यंत्र ही श्रीमंत बायकांची थेरं. ज्यांनी कधी हात भिजवले नाहीत, त्यांच्यासाठी केलेली वस्तू.

मला वाटलं, आजीला खोडून काढू. म्हणून हे यंत्र कुणी काढलं ते मी शोधायला बसले. एखादा दाढीवाला इंजिनियर निघेल असं वाटलं होतं. निघाली एक बाई, जोसेफिन कॉक्रन. आणि तिची गोष्ट वाचल्यावर कळलं की आजी पुष्कळशी बरोबर आहे, पण पूर्ण नाही. ती गोष्ट आजीला सांगितली, तीच आता तुम्हाला सांगते.

जोसेफिनचा जन्म ८ मार्च १८३९ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. माहेरचं आडनाव गॅरिस. वडील जॉन गॅरिस सिव्हिल इंजिनियर. वाफेवर चालणारी बोट बनवणारे जॉन फिच हे तिच्या आईकडचे पूर्वज, असं तिच्या चरित्रांत सांगतात. म्हणजे घरात यंत्रांची भाषा होती. पण ती भाषा मुलींना शिकवायची पद्धत नव्हती. तिला इंजिनियरिंगचं काहीही शिक्षण मिळालं नाही. पुढे ती इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल या गावी बहिणीकडे राहायला गेली. १८५८ साली, एकोणीस वर्षांची असताना, तिथल्या विल्यम कॉक्रनशी तिचं लग्न झालं. विल्यम सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला जाऊन आलेला होता. परतल्यावर त्यानं कापडाचा धंदा केला, राजकारणातही तो होता. दोन मुलं झाली. त्यातला मुलगा लहानपणीच गेला. मुलगी कॅथरीन जगली.

पुढे घर मोठं झालं, पाहुणे मोठे झाले. १८७० च्या सुमारास हे जोडपं एका हवेलीत राहायला गेलं. तिथं मेजवान्या चालायच्या. घराण्यातली जुनी, चिनी मातीची नाजूक कपबशी आणि ताटं टेबलावर यायची. आणि जेवणं उरकल्यावर नोकर ती धुवायचे. एका सकाळी जोसेफिनबाईंना दिसलं, की कपांचे काठ टवके उडून गेलेत. त्यांनी ती भांडी नोकरांच्या हाती देणं बंद केलं आणि स्वतः धुवायला लागल्या.

इथं मी आजीला सांगताना थांबले. कारण आजीचा चेहरा बदलला. ती टवके उडवणाऱ्यांच्या बाजूची. या गोष्टीत बाईसाहेबांचं नाव आहे, कपांचं वय आहे, पण ज्यांच्या हातून टवके उडाले त्यांना सगळीकडे नुसतं नोकर म्हटलंय. रात्री उशिरापर्यंत पंगती, त्यानंतर थंड पाणी, मिणमिणता दिवा आणि झोपेनं जड झालेले डोळे. कप निसटणार नाही तर काय होईल? हे मी वाचलेलं नाही, हे आजीनं सांगितलं.

पण पुढचं ऐका. भांडी स्वतः धुवायला लागल्यावर जोसेफिनबाईंना ते काम किती कंटाळवाणं असतं ते कळलं. इतकी यंत्रं निघतात, मग भांडी धुवायचं का नाही, असा प्रश्न त्यांना पडला. तसं कुणीच करत नसेल तर आपणच करावं, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे मालकिणीचा हात भिजला, तेव्हा यंत्र सुचलं. आजी यावर गालात हसली.

खरी निकड आली १८८३ मध्ये. विल्यम वारला. मागे जेमतेम दीड हजार डॉलर आणि बरंच कर्ज. जोसेफिनबाई चव्वेचाळीस वर्षांच्या, विधवा, मिळकतीचं साधन नाही. आता यंत्र ही हौस राहिली नव्हती, पोटाचा प्रश्न झाला होता. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी काम सुरू केलं. मदतीला जॉर्ज बटर्स नावाचा मेकॅनिक होता.

भांडी धुवायच्या यंत्राचे प्रयत्न आधीही झाले होते. १८५० मध्ये जोएल हॉटन यांनी हातानं फिरवायचं एक लाकडी यंत्र काढलं होतं, पण ते भांड्यांवर नुसतं पाणी उडवायचं. जोसेफिनबाईंनी सुरुवातच वेगळी केली. आधी भांडी मोजली. ताट केवढं, बशी केवढी, कप केवढा, ते बघून त्या मापाचे तारेचे कप्पे वळवले. कप्पे एका आडव्या चाकावर बसवले आणि चाक तांब्याच्या बॉयलरमध्ये ठेवलं. चाक फिरायचं आणि खालून साबणाचं गरम पाणी जोरानं भांड्यांवर यायचं. भांडं जागचं हलत नाही, भांड्याला भांडं लागत नाही, घासणीही लागत नाही, काम पाण्याचा जोर करतो. आमच्या घरच्या डिशवॉशरचं दार उघडलं की आजही तेच दिसतं: तारेचे कप्पे, आणि खालून वर येणारं पाणी. फरक इतकाच, की आता भांडी स्थिर असतात आणि पाण्याचे पंखे फिरतात.

हे बनवताना मेकॅनिक लोकांशी त्यांचं फार जमलं नाही. बाईला यंत्रातलं काय कळतं, अशा समजुतीनं माणसं आधी आपल्याच पद्धतीनं करून बघायची. ते फसलं, म्हणजे मग बाईचं ऐकायची. त्यात पैसा त्यांचा जायचा. तरी २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळालं, क्रमांक ३५५१३९. वय सत्तेचाळीस.

या सालापाशी मी जरा रेंगाळले. १८८६ म्हणजे आपल्या आनंदीबाई जोशींचं साल. त्याच वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या आणि तो समारंभ बघायला पंडिता रमाबाई हजर होत्या. एकाच वर्षी, एकाच देशात, एका मराठी मुलीला डॉक्टरची पदवी मिळाली आणि एका विधवेला यंत्राचं पेटंट. या दोघी एकमेकींना कधी भेटल्या असं नाही. पण बाईला हे जमेल का, हा प्रश्न दोघींपुढे सारखाच उभा होता. आनंदीबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. जोसेफिनबाईंना आयुष्य मिळालं, आणि त्यांनी ते दारोदार यंत्र विकण्यात घालवलं.

त्यांना वाटलं होतं, हे यंत्र घरोघरी जाईल. गेलं नाही. एक तर महाग. दुसरं म्हणजे बहुतेक घरांत एवढं गरम पाणीच नसायचं. तिसरं कारण मला सगळ्यात खरं वाटतं. घरात पैसे पुरुषांकडे आणि भांडी बायकांकडे. ज्याचे हात दुखत नाहीत, तो हात दुखण्यावर खर्च कशाला करेल?

मग त्या हॉटेलांकडे वळल्या. पहिलं गिऱ्हाईक शिकागोचं पामर हाऊस हॉटेल. नंतर त्याच शहरातलं शर्मन हाऊस. त्या काळी चांगल्या घरची बाई नवऱ्याशिवाय किंवा वडिलांशिवाय हॉटेलात पाऊल ठेवत नसे. शर्मन हाऊसची ती लांबच लांब लॉबी एकटीनं ओलांडणं हे आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. बेशुद्ध पडू की काय असं वाटत होतं. पडल्या नाहीत. आठशे डॉलरची ऑर्डर घेऊन बाहेर आल्या. हे वाचलं आणि मला पांढुर्णा स्टेशनावरून एकटीनं पहिल्यांदा गाडीत बसले तो दिवस आठवला. तुलना मोठी आहे, पण पोटात आलेला गोळा तोच असावा.

१८९३ मध्ये शिकागोला कोलंबसच्या नावानं जागतिक प्रदर्शन भरलं. त्याच निमित्तानं भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्याच प्रदर्शनातल्या उपाहारगृहांत जोसेफिनबाईंची यंत्रं भांडी धूत होती. बांधणी, टिकाऊपणा आणि कामाला योग्य असणं, या गुणांसाठी त्यांच्या यंत्राला बक्षीस मिळालं. मग हॉटेलं, दवाखाने, कॉलेजं यांच्या ऑर्डरी येऊ लागल्या. हाताला सोसणार नाही इतकं गरम पाणी यंत्र वापरू शकतं, त्यामुळे भांडी जास्त निर्जंतुक होतात, हे दवाखान्यांना पटलं. त्यांनी स्वतःचा कारखानाही काढला. म्हातारपणीसुद्धा ऑर्डरी मिळवायला त्या स्वतः फिरायच्या. १९१३ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत त्यांचं निधन झालं. शेल्बीव्हिलला त्यांना पुरलं.

घरात डिशवॉशर रुळला तो १९५० च्या दशकात, तोही अमेरिकेत. बाई जाऊन चार दशकं होत आली होती. त्यांची कंपनी १९२६ मध्ये होबार्ट कंपनीनं घेतली होती आणि पुढे किचनएड या नावानं घरगुती यंत्रं निघाली. २००६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये जोसेफिनबाईंचं नाव गेलं. शेल्बीव्हिलच्या शेडपासून पांढुर्ण्याच्या आमच्या ओट्यापर्यंत यायला या यंत्राला जवळजवळ एकशे चाळीस वर्षं लागली.

आता आमच्या घरचं सांगते, कारण गोष्ट तिथून सुरू झाली होती. यंत्र आल्यानं सगळं सुटलं असं नाही. आमचं पाणी जड, म्हणून त्यात वेगळं मीठ घालावं लागतं, नाही तर पेल्यांवर पांढरे डाग पडतात. लोखंडी तवा, ॲल्युमिनियमची भांडी, पितळी गुंड त्यात चालत नाहीत, ते हातानंच. लाइन गेली की अर्धवट भांडी आत अडकतात. पण एका खेपेला बादलीभर पाणी पुरतं, हे उन्हाळ्यात कळलं, आणि आधी नाकं मुरडणाऱ्या शेजारणीच किंमत विचारायला आल्या. उरलेले तवे-कढया दादा आला की दादा घासतो. हा बदल यंत्रानं केला नाही, आईनं केला. एकदा मन घट्ट केलं आणि घासणी त्याच्या हातात दिली.

नाताळच्या रात्री तीस माणसं जेवून गेली. पहिल्यांदाच आई पाहुण्यांबरोबर अंगणात बसली होती. तिला काय करावं ते सुचत नव्हतं, दोनदा उठून आत जाऊन आली. आजी यंत्रापुढे खुर्ची टाकून बसली होती, आतला पाण्याचा आवाज ऐकत. खेप संपल्यावर मी दार उघडलं. वाफ आली. आजीनं एक कप बाहेर काढला, दिव्याखाली धरला आणि कानापासून काठापर्यंत बोट फिरवून बघितलं. टवका नव्हता. मग तिनं मला विचारलं, की त्या बाईंनी पुढे आपल्या नोकरांना काय केलं? काढून टाकलं का?

ती माणसं या गोष्टीतून तिथंच बाहेर पडतात, असं मी सांगितलं. आजीनं मान हलवली. तिला हेच उत्तर येणार हे माहीत असावं. मग ती म्हणाली, की तू शिकून लिहिणार असशील, तर धुणाऱ्यांचंही लिही.

मित्रमैत्रिणींनो, म्हणून हा लेख. थोर माणसांची चरित्रं वाचताना आपण दिवाणखान्यातच बसतो. जोसेफिनबाई मोठ्या होत्या, यात मला शंका नाही. चव्वेचाळीसाव्या वर्षी कर्जात बुडालेली बाई शेडमध्ये जाऊन यंत्र उभं करते, हे मोठंच आहे. आणि माझ्या आईचं मनगट आज त्यांच्यामुळे वाचलंय. पण त्याच घराच्या मागच्या दारी कुणीतरी थंड पाण्यात हात घालून बसलेलं होतं, आणि त्यातलीच एक माझी आजी आहे.

एम.ए.चा फॉर्म मी भरला. आजी आता त्याच कपातून चहा पिते, पण तो कप ती यंत्रात ठेवू देत नाही. स्वतःच धुते.