अमीर अब्दुल कादिर : पराभवातील थोरवी

विद्यार्थी मित्रांनो, विजयी सेनापतींच्या कथा तुम्ही पुष्कळ वाचल्या असतील. आज एका हरलेल्या सेनापतीची ओळख करून घ्या.

अब्दुल कादिर यांचा जन्म १८०८ साली अल्जीरियातील मस्कराजवळ एका विद्याव्यासंगी सूफी घराण्यात झाला. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीयर्स घेतले. १८३२ साली पश्चिमेकडील टोळ्यांनी २४ वर्षांच्या या तरुणाला अमीर निवडले. त्यांनी शिस्तबद्ध फौज उभारली, शस्त्रांचे कारखाने काढले आणि त्याच धामधुमीत हस्तलिखितांचा ग्रंथसंग्रहही जमवला. १८३७ च्या ताफना तहाने फ्रान्सला त्यांची सत्ता मान्य करावी लागली.

तह मात्र टिकला नाही. १८३९ मध्ये युद्ध पुन्हा पेटले. फ्रेंच फौजांनी शहरे घेतली, उभी पिके जाळली. तेव्हा अमीरांनी राजधानीच तंबूंत वसवली. १६ मे १८४३ रोजी, ते दूर असताना, ही छावणीही शत्रूच्या हाती पडली. हजारो माणसे कैद झाली, ग्रंथसंग्रह गेला.

उरलेल्यांना घेऊन ते मोरोक्कोत गेले. पण फ्रान्सकडून हरलेला तेथील सुलतानही पुढे त्यांच्यावर उलटला. डिसेंबर १८४७ मध्ये मागे सुलतानाची फौज, पुढे फ्रेंच आणि मध्ये मुलूया नदी, अशी अवस्था झाली. बायका, मुले व जखमी पैलतीरी पोहोचेपर्यंत अमीर आपल्या स्वारांसह पिछाडी लढवीत राहिले. अनेक साथीदार तेथेच पडले.

मित्रांनो, निवडक स्वारांसह त्यांना वाळवंटात निसटता आले असते. पण मागे राहणाऱ्या कुटुंबांचे काय? आपल्याला मुस्लिम देशात जाऊ द्यावे, या अटीवर २३ डिसेंबर १८४७ रोजी ते शरण आले. फ्रान्सने वचन मोडले आणि त्यांना जवळजवळ पाच वर्षे कैदेत ठेवले. तेथे त्यांचे कित्येक आप्त व सोबती मरण पावले. १८५२ मध्ये सुटका झाल्यावर, फ्रान्सविरुद्ध पुन्हा शस्त्र न उचलण्याचा आपला शब्द अमीरांनी मात्र पाळला.

१८६० साली दमास्कसमध्ये ख्रिश्चनांची कत्तल सुरू झाली. अमीरांनी आपले दार उघडले आणि हजारोंचे प्राण वाचवले. त्यांत फ्रेंचही होते! १८८३ मध्ये ते तेथेच निवर्तले. स्वतंत्र अल्जीरियाने १९६६ साली त्यांचे अवशेष सन्मानाने मायदेशी आणले.

पालकहो, आपली मुले परीक्षेत कधी यशस्वी होतील, कधी अपयशी. यश कसे मिळवावे हे आपण त्यांना शिकवतोच. अपयशातही आपल्या माणसांना सोडू नये आणि दिलेला शब्द मोडू नये, हेही त्यांना सांगा.