वाड्याच्या अंगणात आलेला खेळ

आमच्या वस्तीतला एक कामगार बाप परवा आम्हाला भेटला. त्याने तीन वर्षांच्या मुलीला अंगणवाडीतून काढून गल्लीतल्या एका खोलीत भरणाऱ्या इंग्रजी नर्सरीत घातले आहे. तक्रार एकच. अंगणवाडीत बाई नुसते खेळवतात, शिकवत काही नाहीत. नर्सरीत मात्र पहिल्याच आठवड्यात पानभर ए बी सी डी गिरवायला लावतात. आम्ही त्या बापाला नावे ठेवणार नाही. घरून नेलेल्या गोणपाटावर बाबासाहेबांना वर्गात वेगळे बसावे लागले, हे ज्या समाजाला तोंडपाठ आहे त्याला पाटीची घाई होणारच. पण खेळणे म्हणजे वेळ फुकट घालवणे, हे आपल्या डोक्यात कोणी भरवले? या प्रश्नाशी आलो की आम्हाला ताराबाई मोडक आठवतात.

ताराबाई आपल्या चळवळीतल्या नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या वळणाच्या केळकर घराण्यात त्यांचा जन्म झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. लग्न झाले, पण ते टिकले नाही. १९२१ साली त्या पतीपासून वेगळ्या झाल्या आणि राजकोटला मुलींच्या शिक्षणसंस्थेत प्राचार्य म्हणून काम करू लागल्या. त्या काळच्या पांढरपेशा समाजात अशा बाईकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

मानाची नोकरी सोडून त्या भावनगरला गेल्या. तिथे गिजुभाई बधेका नावाच्या गृहस्थाने वकिली सोडून १९२० साली बालमंदिर काढले होते. छडी नाही, घोकंपट्टी नाही. मूल हातांनी करते, खेळते, गाते आणि त्यातून शिकते, अशी ती शाळा होती. मारिया माँटेसोरी या इटालियन डॉक्टरबाईंची पद्धत गिजुभाई आपल्या मातीत रुजवू पाहत होते. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली आणि पुढे मुंबईत दादरला शिशुविहार उभे केले. काम मोठेच होते. पण स्पष्ट बोलायचे तर एवढ्यावर त्या थांबल्या असत्या, तर हा लेख लिहायचे आम्हाला कारण नव्हते. दादरच्या शिकलेल्या घरातल्या मुलांना लाकडी ठोकळ्यांनी खेळवणे हे चांगले काम खरे, पण त्याने चातुर्वर्ण्याच्या केसालाही धक्का लागत नाही.

खरी गोष्ट सुरू होते १९४५ साली, बोर्डीला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई मुंबई सोडून डहाणू तालुक्यातल्या या समुद्रकाठच्या गावी आल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, बालपणीच विधवा झालेल्या आणि तरी शिकलेल्या. बालवाडी सुरू झाली. गावातली मुले आली, पण अस्पृश्यांच्या वाड्यातली आणि आदिवासी पाड्यातली मुले येईनात. (या वाड्याला गांधीवादी मंडळी ‘हरिजनवाडा’ म्हणत. ते नाव कायद्यात घालण्याविरुद्ध बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात सभात्याग केला होता. आम्हीही ते वापरत नाही.)

मुले येत नाहीत म्हटल्यावर बहुतेक शिक्षणप्रेमी काय म्हणतात, ते आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. यांना शिक्षणाची गोडीच नाही, आईबाप अडाणी आहेत, वगैरे. ताराबाईंनी दोष मुलांना दिला नाही, शाळेला दिला. बालवाडी उचलून त्यांनी वाड्याच्या अंगणात नेली. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, माती, पाणी, रांगोळी. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला, त्यांच्या पोरांना हाताने न्हाऊ घालणे ही १९४५ सालात लहान गोष्ट नव्हती.

तरीही आमच्या मनात एक प्रश्न राहतोच. शाळा वाड्यात गेली म्हणजे गावाची मुले आणि वाड्याची मुले एका अंगणात खेळू लागली, असे होत नाही. वेगळे अंगण ते वेगळेच. ताराबाईंनी मूल गाठले. जात मोडायचे काम मात्र उरलेच, आणि ते अजून उरलेले आहे.

महागडी माँटेसोरी साधने तिथे परवडणार नव्हती. ती जागा शंखशिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे यांनी घेतली. आमच्या त्या कामगार मित्राने इथे जरा थांबून पाहावे. लहान-मोठे शिंपले वेगळे करताना मूल गणिताचा पाया घालत असते. ओली माती मळताना त्याची बोटे पेन्सिल धरायला तयार होतात. भातुकलीत कोण आई, कोण दुकानदार यावरून भांडताना ते बोलायला, पटवायला, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकते. हे आधी झाले, तर अक्षर पुढे आपोआप हातात बसते. तीन वर्षांच्या पोराकडून पानभर गिरवून घेतले, तर बोटे दुखतात आणि शाळेचा धसका बसतो.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा वारली मुलूख. जमीनदारांच्या वेठीविरुद्ध वारल्यांनी १९४५ साली केलेला उठाव याच भागातला. इथल्या मुलाला खेळायला वेळच नव्हता. आठ वर्षांचा पोरगा गुरांमागे, सात वर्षांची पोरगी कडेवर भावंड घेऊन. ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. धाकटे पाळण्यात, मधले खेळात, थोरली वर्गात. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले, ती कुरणशाळा. खेळ हा रिकाम्यांचा उद्योग नसून श्रमाने हिरावलेला मुलाचा हक्क आहे, हे आम्हाला कुठल्या पुस्तकापेक्षा या कुरणशाळेने जास्त पटवले.

१९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाड अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत सांभाळले. १९७५ साली २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नाव गेले, आहार गेला, लसीकरण गेले. खेळ मात्र पुष्कळ ठिकाणी वाटेत गळाला. सेविकेच्या हातात रजिस्टरांचा गठ्ठा आला आणि मोबदल्याला वेतन न म्हणता मानधन म्हटले गेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिक्षण सांगितले आहे. ते राबवणार तीच सेविका, त्याच मानधनावर.

त्या कामगार मित्राला आम्ही एवढेच सुचवले आहे, की नर्सरीची फी भरण्याआधी एकदा त्याने अंगणवाडीत तासभर बसावे. बाई खरोखर खेळवत असतील, तर मुलीला तिथेच ठेवावे. आणि खिचडी वाटून कुलूप लागत असेल, तर वस्तीतल्या चार आईबापांना घेऊन प्रकल्प अधिकाऱ्याच्या कचेरीत जावे. अर्ज लिहायला आम्ही आहोत.