अमरावतीचा अलबेला

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या क्षेत्राबद्दल लिहावं असं ठरलं होतं. पण सॉफ्टवेअरवरची दोन पानं आपल्या वर्गातलं कोणी शेवटपर्यंत वाचेल, यावर माझा विश्वास नाही. म्हणून ज्याच्या स्टेपवर आपण सगळेच नाचलो, त्या माणसाबद्दल लिहिते. गांधीबागेतून निघालेली वरात असो की गणपती विसर्जनाची मिरवणूक, ज्याला काहीच नाचता येत नाही त्यालाही एक नाच येतोच : गुडघे किंचित वाकवायचे, खांदे उडवायचे, हात हलकेच झुलवायचे आणि चेहऱ्यावर मिस्कील हसू ठेवायचं. हा नाच भगवानदादांचा.

आपल्यापैकी अनेकांना ते मुंबईचे वाटतात. भगवान आबाजी पालव यांचा जन्म मात्र १ ऑगस्ट १९१३ चा, अमरावतीचा. म्हणजे आपल्यापासून दीडशे किलोमीटरवरचा. वडील मुंबईत कापड गिरणीत कामगार होते. ज्यांच्या घरातून कोणी एम्प्रेस मिलच्या पाळीला जात असे, त्यांना त्या घराचं चित्र वेगळं सांगायला नको. मुलाला शाळेपेक्षा कुस्तीची आणि सिनेमाची ओढ. मजुरीची कामं करत करत तो मूकपटांच्या अखेरच्या काळात पडद्यावर पोचला. 'क्रिमिनल' हा त्यांचा सुरुवातीचा मूकपट. पुढे बोलपट आले, आणि १९३८ मध्ये 'बहादुर किसान'पासून चंद्रराव कदम यांच्या जोडीने ते दिग्दर्शनात उतरले.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं त्यांनी कमी खर्चाचे मारधाडपट काढले. एक चित्रपट साधारण ६५,००० रुपयांत बसवायचा. तेवढ्या पैशांत कपडे कसे शिवायचे इथपासून कलावंतांच्या जेवणाची सोय कशी करायची इथपर्यंत सगळं तेच बघत. याच काळात १९४१ मध्ये त्यांनी 'वनमोहिनी' हा तमिळ चित्रपटही केला. १९४२ मध्ये जागृती पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली, १९४७ मध्ये चेंबूरला स्टुडिओ उभारला. या चित्रपटांचा प्रेक्षक म्हणजे दिवसभर राबून संध्याकाळी स्वस्तातल्या तिकिटावर बसणारा कामगार.

या काळातली एक गोष्ट वगळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात त्यांना ललिता पवार यांना थप्पड मारायची होती. ती फार जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याला लकवा झाला, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. उपचारांत वर्षं गेली आणि नायिका म्हणून असलेली त्यांची कारकीर्द तिथे संपली. पुढे त्या खाष्ट सासूच्या भूमिकांनी अजरामर झाल्या, पण ती कमाई त्यांच्या स्वतःच्या जिद्दीची. त्या थप्पडेच्या खात्यावर ती मांडता येणार नाही.

मारधाडपटांत रमलेल्या भगवानदादांनी एखादा सामाजिक चित्रपट काढावा, असं राज कपूर यांनी सुचवलं म्हणतात. त्यातून १९५१ मध्ये 'अलबेला' आला. दिग्दर्शक आणि नायक स्वतः, समोर गीता बाली, गीतं राजेंद्र कृष्ण यांची. संगीत त्यांचे मित्र सी. रामचंद्र यांचं, आणि तिथे आपलं नागपूर येतं, कारण रामचंद्र चितळकरांनी गाण्याचे धडे नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडेही घेतले होते. नायक प्यारेलाल हा नाटकाच्या वेडापायी घरातून बाहेर पडलेला गरीब पोरगा. बुटका, जाडसर, देखणा म्हणता येणार नाही असा माणूस गीता बालीसोबत नाचतो आणि प्रेक्षक त्याच्याकडेच बघत राहतात! त्या वर्षी 'आवारा' आणि 'बाजी' यांच्या पंगतीत 'अलबेला' बसला.

मग दिवस पालटले. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात वारांना सात मोटारी, असं वर्णन केलं जातं. तीच जोडी घेऊन काढलेला 'झमेला' १९५३ मध्ये आला, पण 'अलबेला'ची जादू त्यात नव्हती. १९५६ च्या 'भागम भाग'ने हात दिला. पुढे चित्रपटांत घातलेला पैसा बुडत गेला. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओही गेला, आणि ते दादरच्या चाळीत राहायला आले. स्वतःच्या चित्रपटाचा मालक असलेला माणूस दुसऱ्यांच्या चित्रपटांत दोन मिनिटांच्या भूमिका करू लागला. कधी तर नुसती तीच स्टेप करून जायची. सी. रामचंद्र, ओमप्रकाश आणि राजेंद्र कृष्ण चाळीतही भेटायला येत, बाकीची गर्दी पांगली, असं सांगतात. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरलाच हृदयविकाराने त्यांचं निधन झालं.

ही कथा बहुतेक वेळा उधळपट्टीचा धडा म्हणून सांगितली जाते. माझ्या कामात एकाच खांबावर सगळा भार देऊ नये हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो, त्यामुळे तो धडा मलाही दिसतो. पण पडल्यानंतरही अनेक वर्षं माणूस रोज उठून कामावर जात राहिला, याकडे मात्र आपण बघत नाही. आपल्या बॅचमध्येही कोणाचं दुकान बसलं, कोणाची नोकरी पन्नाशीच्या आत गेली. अशांपैकी काही जण संमेलनाला यायचं टाळतात, हे आपल्याला माहीत आहे. भगवानदादा मोटारी गेल्यावरही कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, आणि त्यांची ती स्टेप अमिताभ बच्चन यांनी उचलली, मग साऱ्या देशाने उचलली.

संमेलनाच्या संध्याकाळी स्पीकर लागेलच. जे कोपऱ्यात खुर्ची धरून बसतील, त्यांना हाताला धरून उठवा. ही स्टेप यायला नाचता यावं लागत नाही.