महर्षी धोंडो केशव कर्वे : न थकलेले पाऊल

एखादे मोठे कार्य हाती घेणे सोपे असते. पहिल्या दिवशी उत्साह असतो, चार माणसे पाठीवर हात ठेवतात. खरी परीक्षा पुढे असते. वर्षे लोटतात, सोबती पांगतात, फळ दिसत नाही आणि तरीही रोजचे पाऊल उचलावेच लागते. अशा परीक्षेत शंभरावर वर्षे उत्तीर्ण होत राहिलेले महापुरुष म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे.

अण्णासाहेब कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण दापोलीजवळील मुरूड गावी गेले. घरची गरिबी होती. गावच्या देवळात जमलेल्या मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम बालवयातच त्यांच्याकडे आले व सार्वजनिक कामाची गोडी तेथेच लागली.

सहावीच्या परीक्षेसाठी त्या काळी साताऱ्यास जावे लागे. सतरा वर्षांचे धोंडोपंत सोबत्यांसह भर पावसात कुंभार्ली घाट चढून सुमारे ११० मैल पायी चालत गेले. परंतु अंगकाठी लहान, त्यामुळे वय कमी दिसते या सबबीवर त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. एवढी पायपीट फुकट गेली. दुसरा कोणी असता तर पुस्तके बांधून ठेवून नोकरीधंद्याला लागला असता. त्यांनी पुढे कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. १८८१ साली, तेविसाव्या वर्षी ते मॅट्रिक झाले आणि १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन बी. ए. झाले. उशीर झाला म्हणून त्यांनी वाट सोडली नाही.

मुंबईत असतानाही त्यांना गावाचा विसर पडला नाही. मुरूडकरांकडून लहान लहान वर्गण्या जमवून त्यांनी गावच्या कामासाठी ‘मुरूड फंड’ उभा केला. १८९१ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. त्याच आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. हा विवाह समाजाला मानवला नाही. ज्या मुरूडसाठी त्यांनी पै पै जमवली होती, त्याच मुरूडच्या ज्ञातिबांधवांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. घाव वर्मी लागला, पण अण्णासाहेबांनी कोणाशी वैर धरले नाही व आपले काम थांबवले नाही.

पुनर्विवाहाच्या प्रचाराने थोड्याच स्त्रियांचा प्रश्न सुटतो, बाकीच्यांना शिक्षण देऊन स्वतःच्या पायावर उभे केले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे रावबहादुर गोखले यांनी पुण्यापासून सुमारे चार मैलांवर हिंगणे येथे सहा एकर जागा दिली. तेथे एक झोपडी उभारून १९०० साली आश्रम सुरू झाला. कॉलेजचे तास आटोपले की अण्णासाहेब पायी हिंगण्यास जात, मुलींना शिकवीत आणि पुन्हा पायीच पुण्यास परतत. धड रस्ता नव्हता, पावसाळ्यात गुडघाभर चिखल असे. कधी आश्रमाचा किराणा त्यांच्याच पाठीवर असे. सुटी लागली की वर्गणीसाठी गावोगाव फिरत. मोठ्या देणगीची वाट पाहत ते बसले नाहीत. आजचा तास, आजची वर्गणी आणि आजचे चार मैल, एवढाच हिशेब ते रोज पुरा करीत. त्यांचा उत्साह टिकला तो याच रोजच्या नेमाच्या बळावर.

१९१६ साली केवळ पाच विद्यार्थिनींवर त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी मातोश्रींच्या स्मरणार्थ १५ लक्ष रुपयांची देणगी दिली व विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लाभले. कायद्याने मान्यता मिळायला मात्र १९५१ साल उजाडले. पस्तीस वर्षे अण्णासाहेबांनी धीर सोडला नाही. तेव्हा त्यांचे वय ९३ होते.

वयाच्या ३८ व्या वर्षी आश्रम, ५८ व्या वर्षी विद्यापीठ आणि ७८ व्या वर्षी, १९३६ साली, खेड्यांतील मुलांसाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ! इतर माणसे ज्या वयात ओसरीवर विसावतात, त्या वयात हा वृद्ध खेड्यातल्या शाळेसाठी वर्गणी मागत होता. १९४४ साली त्यांनी समता संघ स्थापन केला. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न किताबाने गौरविण्यात आले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

ज्या हिंगण्यात एक झोपडी होती, तेथे आज मोठी शिक्षणसंस्था आहे व तो परिसर कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. एकदम कोणी ते उभारले नाही. थेंबे थेंबे तळे साचे, हेच खरे. मुलांचे शिक्षण असो, घर असो की गावाचे एखादे कार्य असो, शिखर दूर दिसले म्हणून कोणी खचू नये. आजचा वाटा आज उचलावा आणि उद्याचा उद्या. असे आयुष्यभर चालत राहिलेल्या या कर्मयोग्यास विनम्र अभिवादन!