महारेणूंचे गणिती : पॉल फ्लोरी

विंध्य-सातपुड्याच्या रानांतील धावड्याचा डिंक नर्मदातीरी नेमावर परिसरात कोणाला नवा नाही. पाण्यात भिजला की तो दाट होतो; कारण त्याचे रेणू म्हणजे फांद्या फुटलेल्या लांब साखळ्याच. अशा शाखायुक्त महारेणूंची वाढ होताना द्रव एकाएकी का थिजतो, याचा उलगडा करणारे थोर रसायनशास्त्रज्ञ म्हणजे पॉल जॉन फ्लोरी.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील स्टर्लिंग येथे १९ जून १९१० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक, आई शिक्षिका. १९३४ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते ड्यू पाँट कंपनीत नायलॉनचे जनक वॉलेस कॅरदर्स यांच्या हाताखाली रुजू झाले. १९३७ मध्ये कॅरदर्स अकाली निवर्तले. फ्लोरींनी मात्र गुरूने दाखविलेली वाट सोडली नाही.

रेणूंची सरासरी लांबी अमर्याद झाल्यावाचून जेल होणार नाही, असे कॅरदर्स यांचे गणित सांगे. प्रयोगात मात्र जेल त्याआधीच तयार होई. १९४१ मध्ये फ्लोरींनी हे कोडे संभाव्यतेच्या आधारे सोडविले. तीन हातांच्या घटकांपैकी एकाचा हात धरून निघाल्यास पुढे दोन वाटा फुटतात. त्यामुळे एका शाखास्थानापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याची संभाव्यता निम्म्यावर येताच पात्रभर एकच अखंड जाळे पसरू लागते. सरासरी तेव्हाही लहानच असते. असंख्य सुटे रेणू जाळ्याच्या घरांत तसेच राहतात. प्रत्यक्षात जेल या गणितापेक्षा किंचित उशिरा होते. काही हात आपल्याच रेणूत गुंतून वेटोळी करतात, हे त्याचे कारणही त्यांनी ओळखले.

पुढे गुडइयर कंपनीत रबरावर संशोधन, १९४८ पासून कॉर्नेल आणि १९६१ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन, १९५३ मध्ये बहुवारिकांवरील प्रमाणग्रंथ आणि १९७४ मध्ये नोबेल पारितोषिक, अशी त्यांची वाटचाल झाली. या सन्मानाने लाभलेले वजन त्यांनी सोव्हिएत संघात छळ सोसणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी खर्च केले. ९ सप्टेंबर १९८५ रोजी त्यांचे निधन झाले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जेलवर जे संशोधन केले, त्याच्याही पायाशी फ्लोरींचे विचार आहेत. गुरूचे गणित अपुरे पडले तेथे शिष्याने ते पुढे नेले. विद्येची परंपरा अशीच वाढते. ग्रंथालये उभी राहतात ती याच परंपरेसाठी.